जाळीवरची चेन

"बाई, चेन नीट बघून लावलीत ना? ऐन वेळी अडकायला नको!"

कितीतरी वर्षांपूर्वी ऐकलेला आवाज. तापानं सुकलेला, घशात खरखरणारा, आणि तरी आत कुठेतरी हसू दडवलेला. तेव्हा ती दवाखान्याच्या शिवणखोलीत नुकतीच लागली होती. शिवलेल्या चादरी घेऊन वर गेली, तर सिस्टरांनी खाटेवरच्या माणसाला सांगितलं, ह्याच त्या टेलरबाई, तुमची चेन ह्यांनीच शिवलीय. माणसाच्या गळ्यापर्यंत चादर होती. ती काही त्यानं बाजूला केली नाही, आणि तिनंही खाली नजर जाऊ दिली नाही.

"नाही अडकणार," ती म्हणाली होती.

"मग काळजी नाही. सर रोज उघडून आत डोकावणार म्हणे. पोट आहे की कपाट!"

जिना उतरेपर्यंत ती हसत होती. पुढे कधीतरी त्या वॉर्डात पडदे टांगायला गेली तेव्हा खाटेवर दुसराच माणूस होता. पहिल्याचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही. शिवणखोलीतल्या जुन्या बाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं होतं, "हे बघ पोरी, इथलं शिवलेलं इथंच ठेवायचं. घरी न्यायचं नाही, हातातून नाही आणि तोंडातूनही नाही. नाहीतर गळ्याखाली घास उतरायचा नाही तुझ्या."

तिनं ते पाळलं. घरी सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की ती दवाखान्याचे पडदे शिवते, चादरी शिवते, डॉक्टरांचे हिरवे डगले शिवते. नवरा कौतुकानं म्हणायचा, "आमच्या पडदेवाल्या बाईंना विचारा!"

आज सकाळी तो जुना आवाज कानात पुन्हा उठला, कारण शस्त्रक्रियागृहाच्या मोठ्या सिस्टर स्वतः खाली आल्या होत्या. एरवी त्या निरोप धाडायच्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"एक चेन लागेल. जाळीवर. लांब हवी."

मशीनच्या पायडलवरचा तिचा पाय थांबला.

"कुणासाठी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिनं कधी केला नव्हता. सिस्टर दोऱ्यांच्या फळीकडे बघत राहिल्या. पांढरा, पांढरा, हिरवा, पांढरा. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"तयार ठेवा म्हणालेत मोठे सर. लागेलच असं नाही." आणि जाता जाता, पाठमोऱ्याच, "चहा प्या हो थोडा. तोंड बघा कसं झालंय."

*

नवरा विजेचे मीटर वाचायचा. गळ्यात पिशवी, खिशात बॅटरी, पायात चाकं. गल्लीतली कुत्री त्याच्यावर भुंकायची सोडून त्याच्या मागे चालायला लागली होती. जेवतानासुद्धा हा माणूस ताट घेऊन खिडकीपाशी उभा. ती म्हणायची, "अहो, टेका की जरा," तर म्हणे, "टेकलं की गंज चढतो."

तो माणूस आता वॉर्डातल्या भिंतीकडच्या खाटेला खिळला होता. पित्ताच्या पिशवीतला एक खडा, डाळीएवढा, नको त्या वाटेला जाऊन बसला आणि पोटामागचं स्वादुपिंड पेटलं. स्वतःच्याच रसानं स्वतःला जाळायला लागलं. आल्या दिवशी दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, "दारू किती?" दुसऱ्यानं विचारलं, "दारू कधीपासून?" तिसऱ्यानं नुसतंच मान हलवून लिहून घेतलं. वेदनेनं वाकडा झालेला नवरा तिला म्हणाला होता, "अगं, आयुष्यात थेंब घेतला नाही आणि नाव मात्र पुरतं झालं. घेतली असती तर निदान चव तरी कळली असती!"

ते त्याचं शेवटचं थट्टेचं बोलणं.

त्यानंतर एकेक नळी आली. नाकातून एक, तिच्यातून अन्न. हातात एक, तिच्यातून औषध. लघवीची एक. आणि डाव्या कुशीतून एक, जिच्यातून मळकट, तपकिरी पाणी खालच्या पिशवीत उतरायचं. चार दिशांनी चार दोऱ्या बांधून जनावर जखडावं, तसा माणूस बांधून पडला होता. कूस बदलायची तर दोघं लागायची. खिडकी होती, पण ती उघडत नव्हती. काचेतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची आणि भिंतीवर मीटरची पेटी. तो तिला सांगायचा, "जा गं, आकडा बघून ये." ती खाली जाऊन बघून यायची, सांगायची. तो डोळे मिटून म्हणायचा, "फिरतंय ना? फिरू दे."

आणि ती? तिची नोकरी तळघरात. डोक्यावरच्या झरोक्यातून माणसं कमरेपासून खाली तेवढीच दिसायची. चपला यायच्या, चपला जायच्या. वर नवरा अडकलेला, खाली ती. मधला जिना तेवढा तिच्या मालकीचा. जिन्याच्या मधल्या वळणावर ती रोज थोडी थांबायची. तिथे कुणी आजारी नव्हतं आणि कुणी काही मागत नव्हतं.

*

सर्जन दोघं होते. दोघंही चांगले, तिथेच तर सगळी अडचण होती. एकजण वाईट असता तर निवडणं सोपं गेलं असतं.

मोठे सर उंच, खांद्यात थोडे वाकलेले. निम्मा दवाखाना त्यांच्या हाताखाली शिकलेला. धाकट्या मॅडम बुटक्या, भराभर चालणाऱ्या, बोलताना मात्र सावकाश. चार दिवसांपूर्वी ताप पुन्हा चढला, तेव्हा दोघांनी तिला आणि दिराला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "आतला काही भाग मेलाय. त्यात पू झालाय. तो काढायचाच आहे, त्यावर आमचं दोघांचं एकमत आहे. वाद आहे तो कधी आणि कुठून, एवढाच."

दीर टेम्पो चालवायचा. थांबणं त्याच्याही रक्तात नव्हतं. "मग काढा की! घाण घरात ठेवून कुणी बसतं का?"

"मेलेलं आणि जिवंत अजून एकमेकांत गुंतलंय. आता हात घातला तर जिवंतही ओरबाडलं जाईल, रक्त थांबायचं नाही. दुधावर साय धरायच्या आत चमचा घातला तर काय हाताला लागतं? थोडं थांबलं की शरीर त्याभोवती भिंत बांधतं. तोवर कुशीतली नळी काढून जरा जाड नळी घालू, पू वाहता ठेवू. भिंत धरली की त्याच वाटेनं, लहानशा छेदातून, दुर्बीण घालून मेलेलं उचलायचं. कदाचित नळीवरच भागेल. पोट उघडावंच लागणार नाही."

"आणि कदाचित नाही भागणार," मोठे सर म्हणाले. आवाजात खोच नव्हती. "ताप वाढतोय. तिकडे थांबता थांबता मूत्रपिंड बसलं तर? मी समोरून पोट उघडतो. सगळं डोळ्यांनी बघतो, हातानं साफ करतो. एकदा उघडून भागत नाही, पुन्हा पुन्हा आत जावं लागतं. म्हणून पोट पूर्ण शिवायचं नाही. जाळी लावायची, तिच्यावर..." इथे त्यांची नजर तिच्याकडे गेली आणि ते थांबले. "ते तुम्हाला माहीत आहे."

दीर तिच्याकडे बघायला लागला. "काय माहीत आहे, वहिनी?"

"काही नाही, भाऊजी," ती म्हणाली. "दवाखान्यातलं आहे."

मोठे सर उठताना म्हणाले, "पेशंट शुद्धीवर आहे. त्यालाही मत आहे. त्याला विचारून ठरवू."

आणि नवऱ्याचं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं. ताप चढला की तो पुटपुटायचा, ताप उतरला की स्पष्ट म्हणायचा, "कापा. एकदाचं कापा आणि मोकळं करा." मॅडमना, सरांना, सिस्टरना, फरशी पुसणाऱ्या मावशींनाही. दीर बाहेर येऊन कौतुकानं सांगायचा, "छाती बघा दादाची! दुसरा कुणी असता तर ऑपरेशनचं नाव ऐकून पळाला असता."

तिला मात्र ती छाती वाटत नव्हती. काय वाटत होतं ते तिला सांगता येत नव्हतं. एकदा तिनं धीर करून म्हटलं होतं, "अहो, मॅडम म्हणतात तसं थांबून बघू या का?" त्यावर तो इतक्या कडवट आवाजात बोलला, की शेजारच्या खाटेवरच्या बाबांनी मान वळवली. "तुला काय कळतं त्यातलं? तू पडदे शिव."

*

चेन गादीच्या खोळीला लावतात तशी लांब घ्यायची. लोखंडाच्या दातांची चालत नाही, प्लॅस्टिकच्या दातांची लागते. दोन्ही अंगांना जाळीचं कापड, पांढरं, डासांच्या जाळीपेक्षा दाट. आधी हातटाका, मग मशीन, मग दोन्ही टोकांना पक्का बंद टाका, म्हणजे रनर निसटून हातात यायला नको. मग ते वर जायचं, वाफेत नि वायूत निर्जंतुक व्हायचं आणि कुणाच्या तरी उघड्या पोटाच्या दोन कडांना शिवलं जायचं. पुढे सर चेन ओढून आत जायचे, धुवायचे, चेन लावून बाहेर यायचे.

मॅडम आल्यापासून हे काम जवळजवळ बंदच पडलं होतं. चेनचं खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं होतं. ती स्टुलावर चढली, खोकं काढलं, धूळ झटकली. हातांना कुणी काही सांगितलंच नसावं. सुईत दोरा पहिल्या खेपेला गेला.

मनात आलं, टाका सैल घालावा. मनात आलं, खोकं हरवलं म्हणून सांगावं. मनात आलं, जाळी कात्रीनं उभी फाडावी आणि झरोक्यातून रस्त्यावर टाकावी, जाऊ दे चपलांखाली. पण हाताखालचं काम कुणाच्या तरी अंगाला लागायचं होतं, आणि वाईट शिवणं तिला येतच नव्हतं. चाक फिरत राहिलं. ओठांवर आपोआप आलं ते, काम एकसुरी झालं की तिला नेहमी सुचायचं तसलं काहीतरी:

सुई चाले पुढं पुढं, दोरा तिच्या मागं मागं
दोघांमधी एक वाट, किती जाशील गं सांग

चेन झाली. तिनं रनर वरपासून खालपर्यंत ओढला. खालून वर नेला. कुठे अडकला नाही.

एरवी ती कापडात गुंडाळून शस्त्रक्रियागृहाच्या दारात द्यायची. आज तिनं ती डगल्याच्या खिशात घातली आणि जिना चढली. मधल्या वळणावर थांबली नाही.

*

पेशंटना भेटायची वेळ नव्हती, पण तिला कुणी अडवत नसे. दीर खाटेपाशी पंख्याखाली डुलक्या काढत बसला होता. तिला बघून सावरून बसला.

"वहिनी, सर येऊन गेले. दादाचं मत घेतलं. संध्याकाळी सही, उद्या सकाळी टेबल. बरं झालं, सुटला बिचारा."

"भाऊजी, बाहेर जाऊन काहीतरी खाऊन या."

"आत्ताच खाल्लं की."

"मग पुन्हा खा."

दीर तिच्या तोंडाकडे बघत उठला आणि गेला.

नवरा डोळे मिटून पडला होता. गाल आत गेलेले, ओठांवर पापुद्रे. तिनं कापूस ओला करून ओठांवर फिरवला. त्यानं डोळे उघडले.

"आकडा बघून आलीस?"

"नाही. दुसरंच आणलंय."

तिनं खिशातून चेन काढली आणि त्याच्या मोकळ्या हातात ठेवली. त्यानं ती डोळ्यांपुढे धरली. जाळीतून आरपार छत दिसत होतं. अंगठ्यानं त्यानं रनर थोडा खाली सरकवला.

"हे काय? गादीची खोळ?"

"तुमच्या पोटाची आहे."

ती स्टूल ओढून जवळ बसली आणि सांगायला लागली. हळू आवाजात, शेजारच्या बाबांना जाईल न जाईल असं. इतकी वर्षं घरी पडदे सांगितले, पण पडद्यांच्या आड हे होतं. नव्या नवरीच्या वयात पहिली चेन शिवली. हसत हसत खाली आले. नंतर हसले नाही. काही जण घरी गेले, खोटं कशाला बोलू? एक बाई तर काठी टेकत खाली शिवणखोलीत आल्या होत्या, माझे हात हातात घेऊन बसल्या. पण बाकीच्यांचं मी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही, कारण न विचारताच कळायचं.

"तुम्ही 'एकदाचं' म्हणता ना? ते एकदाचं नसतं हो. उद्या उघडतील, धुतील, ही लावतील. मग परवा-तेरवा पुन्हा ओढतील. पुन्हा धुतील. पुन्हा लावतील. पोट म्हणजे..." कपाट हा शब्द तिच्या ओठांवर आला, तो तिनं गिळला. "किती वेळा, ते सरांनाही सांगता येत नाही. मॅडमचं तसं नाही. त्यांचं हळूहळू आहे, चिकट आहे, जीव नकोसा करणारं आहे, मला दिसतंय. हलता येत नाही, खाता येत नाही, आणि किती दिवस ते कुणी सांगत नाही. पण त्यात तुम्हाला उघडं ठेवत नाहीत."

त्यानं सगळं ऐकलं. ह्या माणसानं इतक्या शांतपणे तिचं ऐकून घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. मग त्यानं विचारलं,

"आणि दर वेळेला भूल देतात?"

"हो. दर वेळेला."

"पूर्ण? काहीच कळत नाही?"

"काहीच नाही."

त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तहानलेल्यानं पाण्याचा आवाज ऐकावा तसं. क्षणभरच. तिनं ते बघितलं, आणि आपण बघितलं हे त्यालाही कळलं. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं, म्हणजे नाकातली नळी जेवढं वळू देत होती तेवढं.

कुशीतली नळी ठिबकत होती. कुठल्यातरी खाटेजवळ चमचा पडला, कुणीतरी उचलला. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. केस तेलकट, चिकट झालेले. आपण ह्या माणसाच्या केसांतून असा हात शेवटचा कधी फिरवला होता?

त्यानं हातातली चेन तिच्याकडे सरकवली.

"घेऊन जा ही खाली."

"म्हणजे?"

"म्हणजे नको. मॅडमना सांग, घाला म्हणावं ती जाड नळी. थांबतो मी."

तिनं चेन घेतली. आनंद व्हायला हवा होता. पण थांबायचं म्हणजे काय, हे ती सकाळ-संध्याकाळ बघत होती. त्याच खाटेवर, त्याच भिंतीकडे तोंड, तोच ताप, त्याच चार दोऱ्या. त्यानं सुटकेचं दार लावून घेतलं होतं आणि ते तिनंच त्याच्याकडून लावून घेतलं होतं. ती उठली. मॅडम कुठे असतील, सरांना कसं सांगायचं, सिस्टरना काय म्हणायचं, ह्याची मनात जुळवाजुळव चालू होती.

डगल्याची बाही ओढली गेली. तिला वाटलं, खाटेच्या खिळ्यात अडकली. वळून बघितलं तर त्याची बोटं होती. दोन बोटांत, मुलं धरतात तशी, त्यानं बाही धरली होती.

"ऐक ना."

ती पुन्हा बसली. तो तिच्याकडे बघत नव्हता. छताकडे बघत होता, आणि कानशिलावरून पाणी उशीत उतरत होतं, ते पुसायला मोकळा हात उरला नव्हता.

"ते सगळे म्हणतात, छाती आहे दादाची. काही छाती-बिती नाही." बाही त्यानं अजून सोडली नव्हती. "ऑपरेशन नको होतं गं मला. नुसती भूल हवी होती. मग जाग आली नसती, तरी चाललं असतं मला."